गाइडबोट: खांद्यावरून नेता यावी म्हणून बांधलेली होडी आणि तिची डागडुजी

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात ॲडिरॉन्डॅक नावाचा डोंगराळ, जंगलाने भरलेला प्रदेश आहे. त्यात लहानमोठी मिळून सुमारे ३,००० सरोवरं आणि तळी आहेत. एकोणिसाव्या शतकात इथे रस्ते जवळजवळ नव्हते, त्यामुळे प्रवास पाण्यावरून व्हायचा. पण सरोवरं एकमेकांना सलग जोडलेली नाहीत. एक संपलं की मध्ये टेकडी, दलदल किंवा धबधबा लागतो. तेवढ्या पट्ट्यात होडी पाण्याबाहेर काढायची, उलटी करून खांद्यावर घ्यायची, पलीकडच्या पाण्यापर्यंत चालायचं आणि पुन्हा वल्हवायला लागायचं. या खुश्कीच्या टप्प्याला तिथले लोक ‘कॅरी’ म्हणतात.

शिकारीला आणि मासेमारीला येणाऱ्या शहरी पाहुण्यांना घेऊन फिरणारे स्थानिक वाटाडे, म्हणजे गाइड, हे काम रोज करत. त्यांच्या गरजेतून जी होडी घडली ती गाइडबोट. लांबी साधारण १६ फूट, मधली रुंदी सव्वातीन फुटांच्या आसपास आणि वजन ३० ते ३४ किलो. गाइड, पाहुणा आणि त्यांचं सामान एवढं ओझं ती वाहून नेई, आणि तीच होडी एकटा माणूस उचलून चालू शके. तिच्या बांधणीतली प्रत्येक गोष्ट या वजनापासून सुरू होते. जुनी गाइडबोट दुरुस्त करणाऱ्यांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होतं तेही वजन विसरल्यामुळेच.

इतिहास थोडक्यात

१८३०-४० च्या दशकांपासून या प्रदेशात हलक्या, फळ्यांच्या होड्या बांधल्या जाऊ लागल्या. सुरुवातीच्या होड्यांची मागची बाजू चौकोनी, सपाट असे. पुढे दोन्ही टोकं निमुळती झाली आणि तेच रूप रूढ झालं. लाँग लेक गावचा मिचेल सॅबॅटिस हा अबेनाकी या मूळ अमेरिकन जमातीचा गाइड या होडीच्या सुरुवातीच्या घडणीत महत्त्वाचा मानला जातो. न्यूकॉम्बचा केलेब चेस, बूनव्हिलचा ड्वाइट ग्रँट, सॅरनॅक लेकचे हॅन्मर पिता-पुत्र ही पुढची नावाजलेली मंडळी. प्रत्येकाची धाटणी निराळी. टोकाचा बाक, फळ्यांची मांडणी, वरच्या छोट्या डेकचा आकार यांवरून जाणकार होडी कुणाच्या हातची आहे हे सांगतात.

१८६९ साली विल्यम मरी या बॉस्टनच्या धर्मोपदेशकाचं या जंगलातल्या मुक्कामांवरचं पुस्तक आलं आणि पर्यटकांची रीघ लागली. गाइडना काम मिळालं, होडी बांधणाऱ्यांना मागणी मिळाली. १८९२ साली ॲडिरॉन्डॅक पार्क स्थापन झालं. दोन वर्षांनी राज्यघटनेत दुरुस्ती होऊन तिथलं सरकारी जंगल कायम रानच राहील अशी तरतूद झाली. होडी मात्र मागे पडत गेली. रस्ते आले, १९०९ नंतर होडीच्या मागे लावायची इंजिनं बाजारात आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने ॲल्युमिनियमची कनू, म्हणजे हलकी, अरुंद होडी, काढली. तिला रंग नको, भिजवणं नको, निगा नको. शेकडो गाइडबोटी कोठारांच्या माळ्यावर गेल्या. त्यांतल्या बऱ्याच तिथेच वाळल्या, तडकल्या. ज्या उरल्या त्यांचा सर्वांत चांगला संग्रह ब्लू माउंटन लेक इथल्या संग्रहालयात आहे. ते १९५७ साली सुरू झालं. ग्रँटच्या कारखान्यात १९०५ साली बांधलेली ‘व्हर्जिनिया’ तिथे आहे. तिची बारकाईने मोजमापं घेतली गेली आणि नव्याने गाइडबोट बांधणाऱ्या अनेकांनी ती आधार म्हणून वापरली.

होडी उभी कशी राहते

कोकणातल्या होडीला खाली उभा, जाड पठाण, म्हणजे तळाचा कणा, असतो. गाइडबोटीला पठाण नाही. त्याजागी मधोमध एक सपाट, पातळ तळफळी असते. पाइनच्या लाकडाची, मध्ये वीतभर रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. तिच्या टोकांवर दोन वाकडी लाकडं उभी राहतात, ती होडीच्या नाळेची, म्हणजे टोकाची. तळफळीवर साधारण पाच-पाच इंचांवर फासळ्यांच्या जोड्या बसतात.

या फासळ्या हा गाइडबोटीचा सगळ्यात हुशार भाग आहे. प्रत्येक फासळीला खाली काटकोनाच्या जवळपास वळण असतं. सरळ फळीतून असा आकार कापला तर वळणापाशी लाकडाचे तंतू आडवे तुटतात आणि फासळी पहिल्याच दणक्याला तिथे मोडते. म्हणून बांधणारे स्प्रूस झाडाचा बुंधा मुळांसकट खणून काढत. खोड जिथे मुळाला मिळतं तिथे तंतू आपोआप वळलेले असतात. त्या भागाच्या चिपा काढून, वाळवून, त्यांवर साचा ठेवून फासळी कापली की तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड मिळतात. त्यामुळे बोटापेक्षा बारीक फासळीसुद्धा पुरते. एवढी मेहनत घेतली ती वजनासाठीच. वाफेवर वाकवलेल्या फासळ्या करणं सोपं होतं, पण तेवढं तीव्र वळण वाफेवर मिळत नाही.

फासळ्यांवर बाहेरून फळ्या चढतात. एका बाजूला साधारण आठ ओळी, जाडी दीड ते दोन सूत कमी-जास्त, म्हणजे ५ ते ६ मिमी. लाकूड पांढऱ्या पाइनचं, पुढच्या काळात सीडरचंही. साध्या होडीत फळ्या कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या दिसतात. गाइडबोटीत तसं दिसत नाही, कारण खालच्या फळीची वरची कड बाहेरून तिरपी रंधली जाते आणि वरच्या फळीची खालची कड आतून. दोन्ही उतार एकमेकांवर बसले की मिळून एकाच फळीची जाडी होते आणि पृष्ठभाग आतून-बाहेरून सपाट राहतो. उताराची शेवटची कड कागदाइतकी पातळ असते. या सांध्यातून तांब्याच्या चुकांच्या, म्हणजे बारीक खिळ्यांच्या, दोन ओळी मारतात. चूक मारताना पलीकडून लोखंडी ठोकळा धरायचा. टोक त्यावर आदळून मागे वळतं आणि पुन्हा लाकडात शिरतं. फासळीला फळी धरते ती पितळी स्क्रूंनी. अशा हजारो चुका आणि स्क्रू एका होडीत असतात.

वल्ही सुमारे आठ फुटांची, मेपलच्या लाकडाची. होडी अरुंद असल्यामुळे एवढ्या लांब वल्ह्यांच्या मुठी मध्यभागी एकमेकींवरून जातात. एक हात दुसऱ्याच्या जरा पुढे ठेवावा लागतो, नाहीतर बोटांची सालटी निघतात. वल्हं खिळीने कायमचं अडकवलेलं असतं. त्यामुळे ते हातातून सुटत नाही, गाइड वल्हं सोडून गळ किंवा बंदूक हातात घेऊ शकतो. खांद्यावर घेण्यासाठी मानेभोवती बसणारं कोरीव जू असतं. ते होडीच्या मधोमध काठांवरच्या खोबणीत बसतं.

माळ्यावर ठेवलेली होडी का तडकते

हे नीट समजलं तर अर्धी दुरुस्ती टळते. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. सरोवराकाठच्या शेडमध्ये हवेची आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडातला ओलावा सुमारे १६ टक्क्यांवर स्थिरावतो. हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत आर्द्रता २० टक्क्यांवर येते आणि लाकूड ४-५ टक्क्यांपर्यंत वाळतं. पांढरा पाइन पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुक्यापर्यंत जाताना वार्षिक वर्तुळांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आकसतो, पण गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने फक्त २ टक्क्यांच्या आसपास. हिशेब केला तर शेडमधून हीटरच्या खोलीत आलेली १०० मिमी रुंद फळी, वर्तुळं फळीच्या तोंडाला समांतर असतील तर सव्वादोन मिमी आकसते. वर्तुळं काटकोनात असतील तर एक मिमीसुद्धा नाही. म्हणून चांगले कारागीर ओंडका चार भागांत फोडून, वर्तुळं उभी राहतील अशाच फळ्या कापत.

आता या फळीच्या दोन्ही कडा चुकांनी पक्क्या धरलेल्या आहेत. तिला आकसायचं असतं, पण जागा मिळत नाही. मग ती मध्ये, लांबीच्या दिशेने तडकते. म्हणूनच दिवाणखान्यात छताला टांगलेली, ‘जपून ठेवलेली’ होडी बाहेरच्या शेडमधल्या होडीपेक्षा वाईट अवस्थेत सापडते.

याची उलटी चूकही सर्रास होते. वाळलेली होडी मिळाली की लोक तिच्यात नळ सोडतात, फुगून सांधे बसतील म्हणून. अर्धी भरलेली होडी तीन-चारशे लिटर पाणी धरते. तेवढे किलो वजन ५ मिमीच्या फळ्यांवर आतून येतं, तेही पाण्याचा बाहेरचा आधार नसताना. सांधे उघडतात. शिवाय एकदम फुगलेलं लाकूड चुकांपाशी स्वतःलाच चिरडतं आणि पुन्हा वाळलं की पहिल्यापेक्षा लहान होतं. दर वर्षी असं केलं तर दर वर्षी गळती वाढते. त्याऐवजी आत ओलसर गोणपाट पसरून दोन-चार दिवस सावलीत ठेवावी, मग उथळ पाण्यात रात्रभर तरंगत ठेवावी. एवढं करूनही गळली तर तो दोष फुगण्याने जाणारा नाही.

कामाला हात लावण्याआधी

पहिल्या आठवड्यात एकही स्क्रू काढू नये. होडी तीन ठिकाणी आधार देऊन सरळ बसवावी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणावी आणि ओळंबा सोडून दोन्ही टोकांच्या नाळा एका रेषेत आहेत का पाहावं. पिळवटलेली होडी तशीच दुरुस्त केली तर पीळ कायमचा होतो. आधी आधार हळूहळू बदलत, काही आठवडे घेऊन ती सरळ आणावी.

मग वजन करावं. ३४ किलोच्या जागी ४५ भरलं तर कुठेतरी पाणी मुरलंय, रंगाचे थर साचलेत किंवा कुणीतरी फायबर चढवलंय. फासळ्यांना पुढून मागे क्रमांक द्यावेत, प्रत्येक जागेचे फोटो घ्यावेत, फासळ्यांमधलं आतलं अंतर पाच-सहा ठिकाणी मोजून लिहून ठेवावं. बारीक पटाशीच्या किंवा अणकुचीदार टोच्याच्या टोकाने लाकूड दाबून पाहावं. कूज सहसा तीन ठिकाणी सापडते: टोकांच्या डेकखाली नाळेपाशी, तळफळीच्या कडेला जिथे फासळीची पावलं बसतात तिथे, आणि काठाच्या पट्टीखाली. तिन्ही ठिकाणी पाणी अडतं आणि वारा पोचत नाही.

पितळी स्क्रूंची परीक्षा सोपी आहे. डोकं खरवडून पाहावं. पिवळं असेल तर ठीक. गुलाबी-तांबूस असेल तर पितळातलं जस्त निघून गेलंय, आणि उरलेलं सच्छिद्र तांबं पिळताच तुटेल. गोड्या पाण्यात हे फार सावकाश घडतं, म्हणून शंभर वर्षांचे स्क्रूही कित्येकदा चांगले निघतात. चांगला स्क्रू उगाच बदलू नये.

होडी नामांकित कारागिराची असेल आणि बहुतेक भाग मूळचे असतील, तर ती पाण्यात घालण्याचा विचारच सोडावा असं आमचं स्पष्ट मत आहे. तिची मापं घ्यावीत, तिला स्थिर हवेत ठेवावं आणि वल्हवण्यासाठी त्या मापांवरून नवी बांधावी. दुरुस्ती म्हणजे जुना पुरावा पुसणंही असतं.

फासळी, फळी, सांधा

नियम एकच, पण तो मोडला तर होडीचा आकार जातो: एका वेळी एकच फासळी काढायची. आकार धरून ठेवणारं दुसरं काहीच या होडीत नाही.

अडकलेला स्क्रू काढताना आधी खाचेतली पुट्टी आणि रंग टोच्याने साफ करावा. खाचेत अचूक बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्यावा, नसेल तर घासून तसा करावा. डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक अर्धा मिनिट टेकवावं. प्रथम किंचित घट्ट फिरवावं, मग उलटं. तुटलाच तर तोंडाला आरीसारखे दात पाडलेली बारीक पोकळ नळी ड्रिलला लावून स्क्रूभोवतीचं लाकूड गोल कापून काढावं आणि त्याच जातीच्या लाकडाची खुंटी चिकटवून नव्याने भोक पाडावं. नवा स्क्रू सिलिकॉन ब्राँझचा, त्याच मापाचा.

फासळीला नुसती बारीक चीर असेल तर इपॉक्सी (कडक होणारा पक्का गोंद) आत ओढून, क्लॅम्प लावून ती बंद होते. पाऊल कुजलं असेल तर कुजका भाग काढून नवीन लाकूड तिरप्या सांध्याने जोडता येतं. सांध्याची लांबी जाडीच्या किमान आठपट हवी. पूर्ण नवीन फासळी करायची आणि मुळाचं लाकूड मिळत नसेल तर स्प्रूसच्या २ मिमी पट्ट्या साच्यावर वाकवून एकमेकींवर चिकटवतात. ती मुळाच्या फासळीइतकीच मजबूत होते. फक्त जुन्या फासळीशेजारी दुसरी जोडफासळी ठोकून पुढे जाऊ नये. दहा ठिकाणी तसं केलं की खांद्याला फरक कळतो.

फळीचा खराब तुकडा बदलताना तिरपा सांधा जाडीच्या बारापट धरावा. ५ मिमी फळीला ६० मिमी. शेजारच्या ओळीतला सांधा त्याच दोन फासळ्यांच्या मध्ये येऊ देऊ नये. नवी फळी जुन्याच जातीची, वर्तुळं उभी असलेली, गाठ नसलेली, आणि होडीतल्या लाकडाइतक्याच ओलाव्याची हवी. ओलावा मोजायचं यंत्र यासाठीच घ्यावं. कडा रंधताना जुन्या उताराला खडू लावून नवी कड टेकवून पाहावी, जिथे खडू उमटतो तिथेच रंधा फिरवावा. पातळ कडेजवळ चूक थेट ठोकली तर फळी फाटते, म्हणून चुकेपेक्षा बारीक भोक आधी पाडावं. चुकांमधलं अंतर जुन्या ओळीकडे पाहून ठेवावं, साधारण एक इंच. टोक तंतूंना आडवं वळलं पाहिजे. तंतूंच्या दिशेने वळलेलं टोक लाकूड चिरतं.

चिकटवायचं काय आणि नुसतं भरायचं काय, यात गल्लत होते. फळीच्या लांबीतला सांधा इपॉक्सीने पक्का करावा. पण दोन ओळींमधल्या उताराच्या सांध्यात मऊ राहणारं भरण हवं, पॉलिसल्फाइडसारखं. तिथे इपॉक्सी किंवा कडक पॉलियुरेथेन घातलं तर पुढच्या दुरुस्तीला फळी सुटतच नाही, तुटूनच निघते. आणि फळ्यांची रोजची हालचाल अडली की त्या नव्या जागी तडकतात.

बाहेरून फायबर चढवण्याचा सल्ला अजूनही मिळतो. पृष्ठभाग सुमारे पाच चौरस मीटर. ४५० ग्रॅमच्या काचेच्या मॅटचा एकच थर पॉलिएस्टर रेझिनसह सात-आठ किलो भरतो, म्हणजे होडीच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा. वर पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही. आतून फळी ओलावा घेत राहते, फायबर तिच्याबरोबर हलत नाही, मध्ये पाणी अडतं आणि फळी बाहेरून चकचकीत दिसत आतून कुजते. आधीच चढवलेलं असेल तर हॉट एअर गनने थोडं तापवून बोथट पत्र्याने सावकाश सोलावं. पॉलिएस्टर बहुधा सुटतं. इपॉक्सी सुटायला जास्त उष्णता आणि जास्त दिवस लागतात.

रंग आणि व्हार्निश

गाइडांच्या होड्या बाहेरून गडद रंगवलेल्या असत. शिकारीच्या वेळी चमकणारी होडी कामाची नाही. व्हार्निशची झळाळी आली ती उन्हाळी बंगल्यांच्या मालकांसाठी. त्यामुळे मूळ रंगाच्या खुणा सापडल्या तर तो खरवडून लाकूड उघडं करणं चुकीचं. जुन्या रंगात शिसं असतंच असं धरून चालावं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी १९७८ मध्ये आली. कोरडा पॉलिश पेपर मारू नये, योग्य फिल्टरचा मास्क घालावा, खरवड गोळा करून वेगळी टाकावी, आणि हॉट एअर गन धूर निघेल इतकी तापवू नये.

घासायच्या मशीनला या होडीच्या जवळ येऊ देऊ नये. वरच्या फळीची खालची कड बाहेरच्या बाजूलाच कागदाइतकी पातळ आहे. मशीनचे दोन फेरे आणि ती कड गेली, खालच्या चुकांची डोकीही घासली गेली. रंग काढायचं रसायन आणि धार लावलेला सपाट पत्रा, तंतूंच्या दिशेने, एवढंच पुरतं.

व्हार्निश बाहेरच्या वापराचं, उन्हाला टिकणारं घ्यावं. पहिला हात निम्मा पातळ करून, म्हणजे लाकडात मुरतो. दुसरा पाव पातळ. त्यानंतर चार-पाच हात, प्रत्येकामध्ये २२० ते ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने. आतून दोन-तीन हात बस झाले. नुसतं जवसाचं तेल लावू नये, दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि लाकूड काळं पडतं. काम संपल्यावर पुन्हा वजन करावं. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा ते वाढलेलं असेल तर काय जास्त झालं ते शोधावं.

ठेवताना उलटी, काठांवर, दोन रुंद आधारांवर. आधार टोकांपासून लांबीच्या साधारण पावभागावर असावेत. नुसत्या टोकांवर ठेवली तर मध्ये झोल येतो. खाली जमीन मातीची असलेली, हवा खेळती असलेली बिनहीटरची शेड सर्वांत चांगली. झाकायचं तर सुती कापडाने झाकावं, प्लॅस्टिकने नको. वल्ही उभी टेकवून ठेवू नयेत, वाकतात. आडवी, दोन खुंट्यांवर ठेवावीत.

ओल्ड फोर्ज ते सॅरनॅक लेक हा ९० मैलांचा जुना जलमार्ग आजही तसाच आहे. १९८३ पासून दर वर्षी त्यावर तीन दिवसांची शर्यत होते. कनूंबरोबर गाइडबोटीही उतरतात. मधले कॅरीचे टप्पे होडी खांद्यावर घेऊन किंवा छोट्या चाकांवर ओढत पार करायचे असतात.